उसामागे परदेशी गेलेली कुटुंबे



या अंकात आम्ही लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया किंवा खताचे हप्ते यांविषयी लिहिणार नाही. तरीही या लेखात ऊस आहे आणि भरपूर आहे. गटागटांतून फिरताना अलीकडे एक प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकू येतो. मुलगा शिकला, मुंबई-पुण्याला नोकरीस लागला, आता कंपनी त्याला परदेशी पाठवते आहे. बरोबर बायको आणि दोन लहान लेकरे. परक्या मुलखात त्यांचा निभाव कसा लागायचा? आणि लागलाच, तर लेकरे आपली राहतील का?

कामानिमित्त मुंबईस गेलो असता आमच्या गटातील एका सभासदांच्या चिरंजीवांकडे नाहूर येथे जाण्याचा योग आला. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये नाहूर आहे. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ सालापासून येथून जाते, पण नाहूरला स्टेशन झाले ते २००६ साली. सदर चिरंजीवांची नेमणूक तीन वर्षांसाठी मॉरिशस बेटावर झाली आहे. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. त्यांना निरोप द्यायला गावाकडून आबा आले होते. आबा आम्हाला म्हणाले, "साहेब, तिथं ऊस हाय म्हणत्यात, आन् माणसं फ्रेंच बोलत्यात. ऊस आपला आन् बोली परक्याची, ही काय भानगड हाय?" सूनबाईंची काळजी वेगळी होती. त्या म्हणाल्या, "काका, शाळेचं एक वेळ जमेल. पण मुलं वर्षभरात तिथली भाषा बोलायला लागली, तर आबांशी फोनवर कोण बोलणार?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. त्यांचे उत्तर देताना आम्हाला फार मागे जावे लागले, कारण या बेटावर सहकुटुंब जाणारी ही पहिली मराठी मंडळी नव्हेत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपलीच माणसे उसाच्या कामासाठी तेथे गेली आणि फ्रेंच रीतीच्या मुलखात त्यांनी संसार थाटले. त्यांचे काय झाले, काय टिकले आणि काय गेले, हे सर्वच सभासदांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

इंग्रजांचे राज्य, फ्रेंचांची रीत

मॉरिशस हे हिंदी महासागरातले, मादागास्करच्या पूर्वेचे बेट. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण चौथाईएवढे. तेथे मूळची वस्ती नव्हती आणि ऊसही नव्हता. १६३९ साली डच लोकांनी जावा बेटावरून ऊस आणला. पुढे डच निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी बेट घेतले आणि त्याला 'इल द फ्रान्स' म्हणजे फ्रान्सचे बेट असे नाव दिले. ला बुर्दोने नावाच्या गव्हर्नराच्या कारकिर्दीत १७४४ साली व्हिलबाग येथे साखरेचा कारखाना निघाला.

१८१० साली इंग्रजांनी हे बेट जिंकले. मात्र शरणागतीच्या अटींत रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती राखण्याचे मान्य केले. त्यामुळे झेंडा इंग्रजांचा लागला, पण मळेवाले फ्रेंच राहिले, दिवाणी कायदा नेपोलियनच्या संहितेचा राहिला, आणि बाजारात, मळ्यात, स्वयंपाकघरात फ्रेंच आणि तिच्यापासून झालेली क्रिओल बोली चालू राहिली. आजही तेथे जमीन 'अर्पां' या जुन्या फ्रेंच मापाने सांगतात. एक अर्पां म्हणजे आपले सुमारे पावणेबेचाळीस गुंठे. आबांच्या भानगडीचे मूळ हे असे आहे.

१८२५ साली इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरचा जादा कर काढला आणि बेटावर ऊस झपाट्याने वाढला. तोवर काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून घेतले जाई. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. ऊस उभा, कारखाने उभे आणि माणूस नाही, अशी मळेवाल्यांची स्थिती होणार हे दिसत होते. तोड वेळेवर झाली नाही तर काय होते, हे आपल्या सभासदांना सांगायला नको. मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर तेथे गेली.

मुंबई बंदरातून

ही माणसे तीन बंदरांतून गेली : कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, मालवण या कोकणपट्टीचे आणि घाटावरच्या सातारा-कोल्हापूरकडचे लोक होते. जमीन थोडी, कर्ज फार, पावसाचा भरवसा नाही. त्याच काळात मुंबईत आगगाडीचे काम निघाले, मग कापडाच्या गिरण्या निघाल्या. कोणी तिकडे गेले, कोणी जहाजात बसले. नाहूर त्या वेळी साष्टीतले एक गाव होते आणि कोकणातून मुंबईला येणारा माणूस आपण परत गावी जाऊ असेच धरून घर सोडत असे. जहाजात बसणाराही तसेच धरून बसत होता.

करार साधारणपणे पाच वर्षांचा. सुरुवातीच्या काळात पुरुषाला महिना ५ रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल-तूप असा शिधा. शिडाच्या जहाजाला मुंबईहून महिना-दीड महिना लागे. पोर्ट लुईला उतरल्यावर सरकारी तळावर नोंद होई, तेथे दोन दिवस ठेवून मग मळ्यावर पाठवीत. १८४९ पासूनचा हा तळ आज 'आप्रवासी घाट' म्हणून जतन केला आहे आणि २००६ साली तो जागतिक वारसा यादीत आला. बंदरातून वर येणाऱ्या त्या दगडी पायऱ्या आजही पाहायला मिळतात.

आरंभी मळेवाल्यांना फक्त धडधाकट गडी हवे होते. बायका फार थोड्या जात. पुढे सरकारने प्रत्येक जहाजात बायकांचे प्रमाण वाढविण्याचे नियम केले. यातून एक मोठा फरक पडला. एकटा गडी करार संपला की परत येण्याची वाट पाही. बायको-मुले घेऊन गेलेला माणूस मात्र हळूहळू तेथेच मूळ धरू लागला. आपल्याकडे ऊसतोडणीच्या टोळीतही आपण हे पाहतो. एकट्याची पाल वेगळी आणि चूल मांडलेल्याची पाल वेगळी. जिथे लेकरू जन्मते, तिथे माणसाचा पाय अडकतो.

मळ्यावरचा संसार

मळ्यावर मजुरांच्या वस्तीला 'काँ' म्हणत, म्हणजे छावणी. गवताने शाकारलेल्या झोपड्यांच्या रांगा. टोळीवर 'सरदार' असे, तो आपल्या मुकादमासारखा. नवी माणसे मिळवून आणायलाही पुष्कळदा सरदारालाच गावी पाठवीत. जमीन ज्वालामुखीच्या दगडांची. आधी दगड वेचून त्यांचे लांबच लांब ढीग रचायचे आणि मधल्या मातीत ऊस लावायचा. हे ढीग आजही उसाच्या शेतांतून दिसतात, आणि ते कोणाच्या हातांनी रचले हे तेथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

कायदा मळेवाल्याच्या बाजूचा होता. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापीत. याला 'दुहेरी कपात' म्हणत. घरी बाळंतपण असो की लेकराला ताप असो, हिशेब तोच. रविवारी सकाळी बिनमजुरीचे झाडलोटीचे काम असे. करार संपवून मोकळा झालेल्या माणसालाही १८६७ च्या कायद्याने स्वतःचा फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसेल तर भटक्या ठरवून तुरुंग. त्याच सुमारास मलेरियाची मोठी साथ आली आणि बेटावर हजारो माणसे मेली.

१८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी राणीच्या सरकारकडे एक अर्ज केला. तो लिहून देण्यास अदोल्फ द प्लेव्हित्स या मळेवाल्याने मदत केली आणि त्यापायी आपल्याच जातभाईंचा मार खाल्ला. अर्जामुळे १८७२ साली चौकशी आयोग आला आणि १८७८ साली कायदा सुधारला. अर्जावर सही किंवा अंगठा करणारी ही माणसे परक्या मुलखात, परक्या भाषेत, पोटापाण्याच्या भीतीखाली होती. तरी ती नऊ हजारांवर जमली, हे आम्हाला विशेष वाटते.

घरात मात्र बाईने आपले राज्य राखले. पाटा-वरवंटा तेथे गेला आणि त्याला 'रॉश कारी' म्हणजे कालवणाचा दगड असे फ्रेंच नाव मिळाले. नाव बदलले, वाटण बदलले नाही. डाळीचे सारण भरलेली 'डालपुरी' आज तेथे रस्त्याच्या कडेला सर्व जातिधर्मांचे लोक खातात. आपल्या पुरणपोळीची ती बिनगुळाची बहीणच म्हणा. उलट सकाळी फ्रेंच पद्धतीचा पाव खायला आपली माणसे शिकली. पैशाचीही अशीच गंमत आहे. हिंदुस्थानातून इतकी माणसे व इतका तांदूळ आला की बाजारात आपला रुपयाच चालू लागला, आणि १८७७ पासून मॉरिशसचे अधिकृत नाणे रुपया झाले. आजही तेथे रुपयाच आहे.

नाव, लग्न आणि वाटणी

सूनबाईंनी कान देऊन ऐकले तो भाग कायद्याचा. फ्रेंच रीतीत कागदाला फार महत्त्व. तळावरच्या नोंदवहीत कारकुनाने जे लिहिले, ते पुढच्या पिढ्यांचे नाव झाले. गावचे आडनाव सांगायची पद्धत सर्वांत नव्हती, सांगितले तरी साहेबाच्या कानाला ते कसे लागेल याचा नेम नव्हता. त्यामुळे आज तेथील पुष्कळ मराठी घरांत आडनावाच्या जागी खापरपणजोबाचे पहिले नाव उभे आहे. गावचे नाव कुठे नीट लिहिले, कुठे चुकले. तेथून कोणी मूळ गाव शोधत कोकणात येतो, तेव्हा या एका शब्दावर सारे अडते.

लग्नाचेही तसेच. मांडव घातला, अक्षता पडल्या, गाव जेवले, तरी सरकारी दप्तरी नोंद नसेल तर कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हे. मग त्या जोडप्याच्या मुलांचा वारसा अडचणीत येई. हळूहळू लोक शहाणे झाले आणि देवाब्राह्मणांसमोर एक व नोंदणी कचेरीत एक असे दोन सोपस्कार करू लागले.

वाटणीचा नियम मात्र आपल्यापेक्षा पुढचा निघाला. नेपोलियनच्या संहितेत बापाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा. म्हणजे तेथे स्थायिक झालेल्या मराठी बापाला लेकीचा हिस्सा नाकारता येत नसे. आपल्या महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला समान हक्काचा कायदा १९९४ साली आला आणि देशभर २००५ साली. परक्या मुलखाच्या सर्वच रीती टाकाऊ नसतात, हे येथे ध्यानात घ्यावे. आबा यावर काही बोलले नाहीत, सूनबाई हसल्या.

मजुराचा झाला बागायतदार

१८७० नंतर बीटापासून केलेली युरोपातली साखर बाजारात वाढली आणि उसाच्या साखरेचा भाव पडला. मोठ्या मळेवाल्यांनी कडेची, हलकी, दगडाळ जमीन तुकडे पाडून विकायला काढली. याला तेथे 'मोर्सेलमाँ' म्हणतात. विकत घेणारे कोण, तर करार संपलेले मजूर आणि सरदार. ज्यांनी दूध, भाजी विकून आणि पोटाला चिमटा घेऊन पैसा साठवला होता, त्यांनी अर्धा अर्पां, एक अर्पां अशी जमीन घेतली. दुसऱ्याच्या उसात वाकलेली पाठ स्वतःच्या उसात सरळ झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटावरच्या उसाच्या जमिनीचा मोठा वाटा हिंदी लोकांकडे आला होता.

पण लहान शेतकऱ्याचे दुखणे सगळीकडे एक. लागणीला भांडवल नाही, सावकाराचे व्याज भारी, ऊस घालायचा कारखाना दुसऱ्याचा. १९१३ साली तेथे सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. आपल्याकडे १९०४ साली झालेल्या कायद्याचा अनुभव त्यामागे होता आणि काम उभे करायला हिंदुस्थानच्या सनदी नोकरीतला अधिकारी गेला होता. म्हणजे माणूस आणि पाटा-वरवंटा यांच्याबरोबर सहकारही आपल्याकडूनच तेथे गेला.

पुढची हकीकत ऊस उत्पादकाने मुद्दाम वाचावी. लहान शेतकरी 'उबा' नावाचा ऊस लावीत. बारीक, कठीण, तंतूचा, पण हलक्या जमिनीत व थोड्या खतावर तग धरणारा. कारखानदारांचे म्हणणे, यात साखर कमी निघते. १९३७ च्या हंगामात त्यांनी उबाच्या भावात १५ टक्के कपात जाहीर केली. ज्याच्याकडे चांगली जमीन आणि चांगले बेणे, त्याला झळ नाही. झळ बसली ती अर्धा अर्पांवाल्याला. शेतकरी व मजूर रस्त्यावर आले. १३ ऑगस्ट १९३७ रोजी युनियन फ्लाक येथे जमावावर गोळीबार झाला आणि चार माणसे मेली. मग चौकशी झाली. शेतकरी व कारखाना यांच्यातील तंटे सोडवायला आणि उसाच्या तपासणीवर देखरेख ठेवायला मंडळ नेमले गेले. आज तेथे शेतकऱ्याच्या उसातील साखर तपासतात आणि निघणाऱ्या साखरेतील ७८ टक्के वाटा शेतकऱ्याचा धरतात.

उबाची जागा पुढे संशोधन केंद्राने काढलेल्या चांगल्या जातींनी घेतली. त्यांत एम १३४/३२ ही जात फार पसरली. ऊस विकास विभागाचे काम म्हणून आम्ही सांगतो : कमी उताऱ्याच्या जातीबद्दल शेतकऱ्याला दंड करण्याआधी त्याच्या बांधावर चांगले बेणे पोचवावे लागते. ते न करता भाव कापला की काय होते, त्याचा हा दाखला आहे.

भाषा कुठे राहिली, कुठे गेली

आता सूनबाईंचा मूळ प्रश्न. मराठी मंडळी बेटाच्या पश्चिमेला ब्लॅक रिव्हर भागात, कास्कावेल, व्हाकोआ या गावांत जास्त स्थिरावली. मॉरिशसमधल्या हिंदी लोकांत ते संख्येने थोडे. मळ्यावर बोली क्रिओल, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच. अशा ठिकाणी मराठी टिकणे कठीणच होते. तरी तिघांनी ती धरून ठेवली. पहिले, मंडळी. गावोगाव वर्गणी काढून त्यांनी मराठी मंडळ्या स्थापल्या, देवळे बांधली. दुसरे, सण. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. मूर्ती घरी आणतात आणि नदी-समुद्रात विसर्जन करतात. तिसरे, गाणे. कोकणातला जाखडी नाच तेथे 'झाकरी' म्हणून आजही होतो. त्यातील सर्व शब्दांचा अर्थ नाचणाऱ्याला ठाऊक असतोच असे नाही, पण ठेका चुकत नाही.

पुढे १९६८ साली १२ मार्चला देश स्वतंत्र झाला. सरकारी प्राथमिक शाळांत इंग्रजी व फ्रेंचबरोबर मराठी हा ऐच्छिक विषय ठेवला गेला. महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचे शिक्षण मिळते. मराठी स्पीकिंग युनियन ही कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात. जागतिक मराठी परिषदेचे अधिवेशन १९९१ साली तेथे भरले होते.

हे सारे खरे असले तरी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरात, चुलीपाशी, रोजचे बोलणे म्हणून मराठी फार थोड्या घरांत उरली. देऊळ राहिले, सण राहिला, शाळेतले पुस्तक राहिले. पण आई लेकराला रागावते ती क्रिओलमध्ये. म्हणजे ज्या ज्या गोष्टी चार माणसांनी मिळून सांभाळल्या त्या टिकल्या. जी एकेका घरावर सोपवली होती, ती गेली. त्यात त्या आयांचा दोष नाही. दिवसभर उसात राबून आलेल्या बाईला तेवढे बळ कोठून असणार?

नाहूरच्या कुटुंबास आम्ही काय सांगितले

आज मुंबईहून विमानाने सहा-सात तासांत मॉरिशस येते. घड्याळात दीड तासाचा फरक. सूनबाईंना आम्ही सांगितले की भाजीवाल्याची चिंता सोडा. इंग्रजीवर कचेरीचे काम होते, बाजारात क्रिओल आठ-पंधरा दिवसांत कानावर बसते, आणि हिंदी समजणारेही भेटतात. मुले तर खेळताखेळता तुमच्या आधी शिकतील. त्यांना अडवू नका. फ्रेंच ही जगात कामाला येणारी भाषा आहे, ती फुकट मिळते आहे तर घ्यावी.

मात्र चार गोष्टी करा. तेथील शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते, आपल्यासारखे जूनमध्ये नाही. प्रवेश त्या हिशेबाने ठरवा, म्हणजे मुलीचे अर्धे वर्ष वाया जाणार नाही. दुसरे, जन्माचे व लग्नाचे दाखले, पासपोर्ट, शाळेचे कागद या सर्वांत नावाचे स्पेलिंग एकच आहे का ते निघण्यापूर्वी तपासा. एका अक्षराने पिढ्यांचे नाव बदलल्याचे आपण वर पाहिले. तिसरे, जाताना बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तके न्या, शाळेत मराठी विषय मिळत असेल तर तो घ्या आणि पोचल्यावर पहिल्या महिन्यातच तेथील मराठी मंडळीची गाठ घ्या. ती माणसे दीडशे वर्षांपूर्वी गेलेली आहेत, त्यांची मराठी तुम्हाला तुटक वाटेल. तुम्ही त्यांच्याकडून टिकून राहणे शिका, ती तुमच्याकडून शब्द घेतील. चौथे, उंबऱ्याच्या आत मराठीच. रोज ठरल्या वेळी आबांना फोन लावायचा आणि बोलायचे मुलांनी. आई-बापांनी फक्त नंबर लावून द्यायचा.

यावर आबा म्हणाले, "मी काय बोलू पोरांशी रोज? मला काय गोष्टी येत न्हाईत." आम्ही म्हटले, आबा, तुम्ही उसाचंच बोला. आज पाणी कुठल्या सरीला होतं, खोडव्याला फुटवे किती, बैलानं काय केलं, टोळी कधी येणार. तिकडे पोराच्या खिडकीतून ऊसच दिसणार आहे. तिथला हंगाम जूनला सुरू होतो आणि आपली मोळी टाकायच्या वेळेला संपत येतो. एक लागण केली की सहा-सात खोडवे घेतात. नातीला सांगा, तू मला तिकडचा ऊस सांग, मी तुला इकडचा सांगतो. आबांना हे पटले. त्यांनी लगेच नातीला विचारले, "सांगशील न्हवं?"

रान पडीक पडू नये

शेवटचा मुद्दा सर्व सभासदांसाठी. मॉरिशसमध्ये १९७३ साली ७ लाख १८ हजार टन साखर झाली होती. अलीकडे ती अडीच लाख टनांच्या आसपास आली आहे. युरोपने २००६ पासून खरेदीचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला, हे एक कारण. दुसरे कारण घरातले आहे. ज्यांच्या पणजोबांनी दगड वेचून अर्धा अर्पां मिळवला, त्यांची मुले शिकली, कचेरीत-हॉटेलांत लागली, काही फ्रान्स-इंग्लंडला गेली. वाटण्या होत होत तुकडे इतके लहान झाले की कसायला कोणी उरले नाही. लहान ऊस उत्पादकांची संख्या निम्म्याहून खाली आली. एके काळी अडीचशेवर कारखाने होते, आज तीन आहेत.

हे चित्र आपल्याकडे दूर नाही. म्हणून ज्यांची मुले परगावी वा परदेशी आहेत, अशा सभासदांनी पुढील गोष्टी या हंगामापूर्वी उरकून घ्याव्यात.

१) आपल्या शेअर्सवरील वारस नामनिर्देशन कारखान्याच्या शेअर्स विभागात तपासून पूर्ण करावे. मुलींचा विचार करूनच ते करावे.

२) सातबारा उताऱ्यावर मयत व्यक्तीचे नाव असल्यास वारस नोंद करून घ्यावी. उसाच्या नोंदीत व बिलाच्या खात्यात त्यावाचून अडचण येते.

३) मुलगा परदेशी जात असल्यास जमिनीच्या कामासाठी मुखत्यारपत्र कोणाचे, हे तो येथे असतानाच ठरवावे. गेल्यावर कागद करणे जिकिरीचे जाते.

४) रान कसायला माणूस नसेल तर पडीक टाकण्याआधी गट कार्यालयाकडे यावे. भावकीतील किंवा शेजारील सभासदाकडून ऊस कसा करून घेता येईल, लिखापढी कशी असावी, याचा मार्ग आम्ही दाखवू.

ज्यांनी परक्या बेटावर दगड वेचून ऊस उभा केला, त्यांना जमिनीचा तुकडा मिळायला दोन पिढ्या लागल्या. आपल्याला तो वडिलांकडून आयता मिळाला आहे. लेकरे खुशाल परदेशी जावोत, शिकोत, फ्रेंच बोलोत. त्यांच्या नावाची सरी येथे ओली राहील एवढे आपण पाहावे.

— ऊस विकास अधिकारी